युरियाच्या एका थैलीत तीन सिलिंडर

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे. घरी आई-वडील, नवरा-बायको आणि एक मुलगी. सहा एकर शेत, त्यात चार एकर कपाशी-तूर, दोन एकर सोयाबीन आणि त्यावर हरभरा. एक बैलजोडी, एक म्हैस, एक मोटरसायकल, पाच वर्षांपूर्वी बांधलेलं स्लॅबचं घर. मोबाइलवर कार्बनचा हिशेब करून देणारं एक यंत्र सापडलं. त्याने विमानप्रवास विचारला, मटण विचारलं आणि माणशी अर्धा टनसुद्धा नाही म्हणून शाबासकी दिली. आता प्रश्न असा, की आपला कार्बन खरंच एवढाच आहे का, आणि कमी करायचा तर कुठून? शिवाय गावात एक माणूस फिरतो आहे, बांधावर झाडं लावा, कार्बनचे पैसे मिळतील म्हणतो. त्याचं ऐकावं का?

भाऊ, यंत्राने तुम्हाला फसवलं नाही, ते तुमच्या शेतात आलंच नाही एवढंच. ही गणितं शहरातल्या फ्लॅटसाठी बसवलेली असतात. तुमच्याकडे घर आणि कारखाना एकाच सातबाऱ्यावर, आणि त्याने फक्त घर मोजलं.

मी वीसेक वर्षं वर्धा-यवतमाळ भागात गोबरगॅसची कामं केली, पुढे शेतपंपांचे आणि घरांच्या विजेचे हिशेब तपासायला लागलो. माझ्या कामात यंत्र नसतं, चार कागद असतात: वर्षभराची वीजबिलं, गॅसचं पासबुक, कृषी केंद्राच्या पावत्या आणि ट्रॅक्टरवाल्याची वही. ओसरीवर बसून तासाभरात काम होतं. गुणायला लागणारे आकडे मोजकेच आहेत. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. त्यासाठी पुरावा शोधायला लांब जायला नको. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस, सगळ्या चिमण्या आपल्याच विदर्भात उभ्या आहेत. पेट्रोलचा लिटर २.३ किलो, डिझेलचा २.७ किलो, १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर ४२ किलो. (पाऊण किलो वजनाच्या एका लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलो धूर कसा निघतो, हे मला दर गावात कोणीतरी विचारतंच. जळताना कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन त्याचं असतं.)

तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या घरात सहसा जे सापडतं ते धरून चालतो. घरची वीज महिन्याला ९० युनिट, म्हणजे वर्षाला साडेसातशे किलो. सात सिलिंडर, जवळपास तीनशे किलो. मोटरसायकलचं दोनशे लिटर पेट्रोल, ४६० किलो. स्लॅबच्या घराचे वर्षाचे पाचशे धरा, ते कसे ते पुढे सांगतो. घराचे झाले दोन हजार किलो, पाच माणसांत चारशे-चारशे. इथपर्यंत तुमचं यंत्र बरोबरच होतं.

आता शेत. भाड्याच्या ट्रॅक्टरचं डिझेल, नांगरटीपासून मळणीपर्यंत एकरी बारा लिटर धरलं तर दोनशे किलोच्या आत. पाच एचपीचा पंप तासाला चार-साडेचार युनिट खातो. हरभऱ्याच्या पाळ्या आणि कपाशीचं संरक्षित ओलित मिळून तीनशे तास चालला तर नऊशे किलो. युरियाच्या आठ थैल्या आणि डीएपीच्या पाच, साडेअकराशे किलो. चार एकरांतली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पेटवत असाल तर साडेतीनशे. बैलजोडी आणि म्हैस मिळून तीन हजार. एकूण साडेपाच हजार किलोंच्या वर, म्हणजे घराच्या पावणेतीन पट.

आकडा पाहून दचकू नका. घर आणि शेत मिळून माणशी दीड टनच होतो, आणि भारताची माणशी सरासरी नुसत्या कार्बन डायऑक्साइडचीच दोन टनांच्या आसपास आहे. शिवाय शेतातला सगळा वाटा तुमच्या नावावर टाकणंही बरोबर नाही. कापूस तुम्ही पिकवता, पण शर्ट नागपूर-मुंबईचा माणूस घालतो. हिशेबाच्या रीतीने तो कार्बन शर्ट घालणाऱ्याचा. मात्र युरिया टाकणारा हात तुमचा आहे, आणि कमी करायचं तर ते त्याच हाताने होणार. म्हणून मी अशा घरांत प्लास्टिकच्या पिशवीपासून सुरुवात करत नाही.

युरियापासून करतो. ४५ किलोच्या थैलीत ४६ टक्के नत्र, म्हणजे पावणेएकवीस किलो. त्यातलं साधारण एक टक्का नत्र जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात, असा आंतरराष्ट्रीय हिशेबातला ढोबळ दर आहे. जमीन आणि पावसाप्रमाणे तो निम्मा होतो किंवा वाढतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण हा वायू वजनाला कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. त्यामुळे त्याचेच ९० किलो होतात. युरिया विरघळताना स्वतःतला कार्बन सोडतो, ते आणखी ३३. थैलीमागे झाले सव्वाशेच्या जवळ, म्हणजे तीन सिलिंडर. कारखान्यात ती थैली बनवताना जळालेला नैसर्गिक वायू यात धरलेलाच नाही.

एकदा सप्टेंबरात राळेगावकडे एका कपाशीत उभा होतो. सकाळी हलकी सर येऊन गेलेली, दुपारी कडक ऊन. आदल्या दिवशी ओळीत फेकलेल्या युरियाचे दाणे अर्धवट विरघळून मातीवर पांढरे दिसत होते. खाली वाकलो तर जनावरांच्या कोंदट गोठ्यात येतो तसा नाकाला झोंबणारा वास आला. तो अमोनिया. म्हाताऱ्या मालकालाही वाकायला लावलं. दोनदा हुंगून ते म्हणाले, "म्हंजे मी पैसे देऊन थैली आणतो अन् हवेले खाऊ घालतो, असंच ना?" असंच. अमोनिया स्वतः पृथ्वी तापवत नाही, पण तेवढं नत्र पिकाच्या तोंडातून गेलं, पीक पिवळं दिसलं, आणि मग माणूस आणखी एक थैली आणतो. नायट्रस ऑक्साइडची खरी भर पडते ती पाणी साचलेल्या चिबड तुकड्यात, जिथे पाय घातला तर बुटाला चिखलाचा गोळा येतो.

तेव्हा वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसताना टाका, दोन-तीन हप्त्यांत टाका, झाडापासून चार बोटं लांब टाका आणि त्याच दिवशी डवरा फिरवून मातीआड करा. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी हात आवरा. सोयाबीन पिवळं पडलं की युरिया मारायची सवय तर सोडाच. हे पीक मुळावरच्या गाठींतून आपलं नत्र आपण मिळवतं; बियाण्याला रायझोबियम चोळलं असेल तर अधिकच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत, पाणी साचल्यावर येणारं ते पिवळेपण बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेचं असतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर युरियाचा काही उपयोग नाही.

आठ थैल्यांच्या पाच झाल्या तर साडेतीनशे किलोंहून जास्त कार्बन वाचतो. पैसे मात्र फार वाचणार नाहीत, हे आधीच सांगतो. अनुदानामुळे थैली २६६ रुपये ५० पैशांना पडते, म्हणजे तीन थैल्यांचे आठशे रुपये. इतका स्वस्त नसता तर तो असा फेकलाही गेला नसता. खरी बचत फवारणीत होते. नत्र जास्त झालेली कपाशी लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुडे आधी तिच्यावर उतरतात.

आता जनावरं. हिशेबात तीन हजार किलो पाहून कोणी म्हणेल की बैल विका आणि सगळं ट्रॅक्टरने करा. नुसता कार्बन पाहिला तर त्याचं गणित चुकत नाही. देशी बैल रवंथ करताना वर्षाला पंचवीस-तीस किलो मिथेन सोडतो, म्हैस त्याच्या दुप्पट, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात जवळपास २८ पट तापवतो. तरी मी कोणाला बैल विकायला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एक तर मिथेन बारा-एक वर्षांत हवेतून निघून जातो. गावातली जनावरं वाढत नसतील तर त्याचा थर कोळशाच्या धुरासारखा चढत जात नाही. दुसरं, ओल्या रानात डवरणीला ट्रॅक्टर घालून दाखवा. आणि तिसरं म्हणजे शेण. ज्या गोठ्यात शेण नाही त्या शेतात युरियाच्या थैल्या वाढतात, हे मी पावत्यांवरून सांगतो. म्हशीपुरतं करण्यासारखं हे: कडबा आणि सोयाबीनचं कुटार कुट्टी करून द्या, सोबत थोडी ढेप आणि खनिज मिश्रण. नुसत्या वाळल्या चाऱ्यावरच्या म्हशीपेक्षा अशा म्हशीचं दूध वाढतं आणि लिटरमागे मिथेन कमी पडतो.

शेणाचं मात्र बरंच करता येतं. गोबरगॅसबद्दल मी पक्षपाती आहे, पोट त्याच्यावर भरलं, तेव्हा ऐकताना तेवढं वजा करा. एका घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. तुमची तीन जनावरं दिवसाला पस्तीस-चाळीस किलो देतील, पण चरायला गेली की दहा-पंधरा किलो रानातच पडतं. म्हणजे एक घनमीटरचंच बांधा. शेजाऱ्याने दोनचं बांधलं म्हणून तुम्हीही बांधाल आणि अर्धपोटी ठेवाल, ही विदर्भातली सगळ्यात नेहमीची चूक. गावोगावी गोबरगॅसचे बंद पडलेले डोम दिसतात त्यांतले कितीतरी उपाशी मेलेले आहेत. एक घनमीटर गॅस साधारण ४३० ग्रॅम एलपीजीचं काम करतो, म्हणजे पूर्ण चाललं तर वर्षाला दहा-अकरा सिलिंडर. जानेवारीच्या थंडीत गॅस कमी होतो, मे महिन्यात पाण्याची ओढाताण असते. ते धरूनही तुमच्या सातांतली पाच-सहा सुटतात, आणि बाहेर येणारी मळी खतांची पावती आणखी आखूड करते.

यात माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात एका घरी शेण भरपूर, माणसं कमी, गॅस उरायचा. मालकाने विचारलं, "दाब वाढला तर?" मी म्हणालो, कॉक उघडून सोडून द्या. दोन वर्षं ते रोज संध्याकाळी इमानदारीने सोडत होते. जळलेला गॅस कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेला मिथेनच राहतो. त्या घराचं संयंत्र माझ्यामुळे फायद्याऐवजी नुकसान करत होतं. आता मी उरलेल्या गॅसवर जनावरांची आंबवण शिजवायला दुसरी शेगडी लावून देतो, आणि दर दिवाळीला डोमच्या पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी लावायला सांगतो. फुगा आला की गळती.

पऱ्हाटीचं थोडक्यात. ती जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच वर्षी झाडाने हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. टनामागे नव्वदेक किलो होतात. पण गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतात उभी ठेवायची नाही, हेही खरंच. श्रेडर भाड्याने मिळत असेल तर डिसेंबर-जानेवारीत बारीक करून शेणखताच्या खड्ड्यात कुजवा. नाही मिळाला तर चुलीसाठी लागेल तेवढी घरी आणा, पण बोंडं झाडून आणा, नाहीतर अळी तुमच्या ओट्यावरून पुढच्या हंगामात शेतात जाते.

पंपाकडे या. आमच्याकडे जवळपास प्रत्येक स्टार्टरला "ऑटो" लावलेला असतो, कारण रात्रीच्या पाळीत लाइन कधी येईल याचा भरवसा नाही. लाइन आली की मोटर आपोआप सुरू, आणि सकाळी जाऊन पाहावं तर पाणी धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत. तीनशे तासांतले पन्नास-साठ तास असेच जातात. ठरलेल्या वेळेनंतर मोटर बंद करणारा टायमर हा माझ्या मते शेतातला सगळ्यात स्वस्त कार्बन उपाय आहे. त्यानंतर विहिरीत पाइपाच्या खालच्या टोकाला असतो तो फुटव्हॉल्व्ह बघा. जुन्या लोखंडी, जाळी बुजलेल्या फुटव्हॉल्व्हमुळे आणि गरजेपेक्षा बारीक सक्शन पाइपामुळे मोटर नुसती कण्हत राहते. दोन्ही बदलल्यावर तेवढंच पाणी पाऊण वेळात निघालेलं मी घड्याळ लावून पाहिलं आहे. सौर पंप घेता आला तर उत्तमच. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात. पण सौर आला की पाणी फुकट झालं असं वाटतं आणि विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. ठिबकशिवाय सौर पंप मला अर्धवट काम वाटतं.

घराचे पाचशे किलो कसे, ते सांगायचं राहिलं. सिमेंटच्या ५० किलोच्या थैलीमागे तीस-पस्तीस किलो कार्बन, कारण चुनखडी भाजताना दगडातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, वर कोळसा जळतो तो वेगळा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबच्या घराला चारशेच्या आसपास थैल्या आणि चारेक टन लोखंड, म्हणजे वीस टनांच्या वर. चाळीस वर्षांवर वाटले तर वर्षाचे पाचशे. तुमचं घर झालं आहे, आता त्यात काही करण्यासारखं नाही. भावाचं किंवा पुतण्याचं व्हायचं असेल तर राखमिश्रित पीपीसी सिमेंट आणि फ्लाय अॅशच्या विटा मागा. कोराडी-चंद्रपूरची राख असल्याने आपल्याकडे त्या सहज मिळतात. जुनं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर धड असेल तर पाडू नका. मे महिन्यात त्यात पंखा पुरतो, स्लॅबखाली कूलर लागतो.

आणि कूलरची लाज वाटू देऊ नका. आपला एप्रिल-मे कोरडा असल्यामुळे तो इथे कोकणापेक्षा चांगला चालतो. दिवसाला बारा तास, तीन महिने चालवला तरी दोनशे युनिटांच्या आत, म्हणजे एकशे चाळीस किलो. दीड टनाचा एसी रोज आठ तास लावला तर तेवढ्याच काळात साडेआठशे युनिट. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन पांढरे हात मारा, खोली दोन-तीन अंशांनी उतरते. जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे बिघडतील तसे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे घ्या, तीस वॅटमध्ये तीच हवा. चांगले चालणारे काढून टाकू नका. छतावर सौर बसवायचं तर सूर्यघर योजनेत किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटपर्यंत, आणि तीन किलोवॅट किंवा वर एकूण ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट देतं आणि तुमचा खप नव्वदचा आहे. एजंट तीन किलोवॅट गळी उतरवेल, तुम्हाला एक पुरतं.

मोटरसायकल, एलईडी, पिशव्या यांवर मी काही लिहीत नाही. तुमच्या घरात त्यात फारसा जीव नाही. मुलीच्या लग्नात कधीतरी डीजे आणि डिझेल जनरेटर आणाल तेव्हा बोलू.

राहिला झाडंवाला माणूस. कार्बनचे पैसे मिळतात ते क्रेडिटवर, आणि एका क्रेडिटला हवेतून काढलेला एक टन कार्बन डायऑक्साइड लागतो. एक किलो वाळल्या लाकडात १.८ किलो मावतो, म्हणजे एका क्रेडिटसाठी साडेपाचशे किलो वाळलं लाकूड उभं राहायला हवं. बांधावरच्या पन्नास रोपांनी ते व्हायला किती वर्षं लागतील, हे तुमच्याच बांधावरच्या कडुनिंबाकडे पाहून सांगा. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे, बाहेरच्या संस्थाही क्रेडिट देतात, त्यामुळे विषय खोटा नाही. पण नोंदणी, मोजणी आणि पडताळणीचा खर्च इतका असतो की शेकडो शेतकरी एकत्र धरल्याशिवाय परवडत नाही. त्या माणसाला चार गोष्टी लेखी मागा: करार किती वर्षांचा, तेवढ्या काळात झाड तोडता येईल का, क्रेडिट कोणाच्या नावावर राहणार, आणि रकमेतला तुमचा टक्का किती. नोंदणी फी म्हणून आधी पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावा. झाडं जरूर लावा, पण सीताफळ, आंबा, बांबू, जे तुम्हाला विकता येईल ते.

यंदा दोनच गोष्टी करायच्या असतील तर टायमर आणि युरिया. गोबरगॅस दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना बांधायला घ्या. पंपाचं नेमकं सांगायला मला विहिरीची खोली, सक्शन पाइप किती इंची आहे, आणि विहिरीपासून शेताच्या टोकापर्यंत एल्बो किती आहेत, ते मोजून कळवा. एल्बो मोजताना मातीत गाडलेले विसरू नका, तिथेच लोक चुकतात.